पडावावरचे मुन्शीजी

माणिकरावांनी उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही. तरी परभणीच्या आमच्या नाकागल्लीत आठ वर्षं पोरांचा फुटबॉल चालला तो त्यांच्यामुळं. हे सांगितलं की समोरचा हसतो. हसणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, बाबांनो, लाथा झाडणारे गल्लोगल्ली ढिगानं असतात, पण मैदानासाठी अर्ज लिहिणारा एखादाच निघतो. आमच्याकडं तो होता, आणि आमचं मैदान गेलं तेही त्याच्याच हातून. त्यात माझा वाटा किती, तेही सांगणार आहे. सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

माणिकराव मूळचे झरीचे, शेतकरी घरातले. निजामाचं राज्य, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. बापाला दोन पोरं, म्हणून त्यानं ठरवलं, एक नांगरामागं आणि एक सरकारात. थोरला शेतात राहिला. माणिकरावांना लहानपणीच एका मौलवीसाहेबांच्या हाताखाली घातलं. मराठी ते घरात बोलले, भांडले, रडले. पण लिहिलं-वाचलं ते उर्दूच. मराठीचं एक अक्षर त्यांनी कधी गिरवलं नाही, कारण त्या काळी त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पुढं ते परभणीला स्टेशनाजवळच्या करोडगिरी नाक्यावर मोहरीर, म्हणजे कारकून झाले. परमुलखातून येणाऱ्या मालावर जकात घेणारं खातं ते करोडगिरी. नाक्यामागची वस्ती ती आमची नाकागल्ली. गल्लीत कुणाचंही पत्र, कुणाचीही दरखास्त लिहायची ती माणिकरावांनी, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मुन्शीजी म्हणायचे. अक्षर असं सुरेख, की वाचता न येणारा माणूससुद्धा कागद हातात धरून बघत बसायचा.

गल्लीला लागून पडाव होता. झरी, जिंतूरकडून कापसाच्या गाड्या यायच्या, त्यांचे बैल तिथं सुटायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा नसायची. एकदा हंगाम सरला की मग सगळा माळ मोकळा. काळीच माती, पण गाड्यांच्या चाकांनी दाबून दाबून फरशीसारखी झालेली.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हिंदुस्थानी फौजेची एक तुकडी काही महिने पडावावर तंबू ठोकून राहिली. दिवस वाईट होते. गल्लीतली दोन-चार घरं कुलूप लावून हैदराबादेकडं गेली ती परतली नाहीत. आम्हा पोरांना मात्र संध्याकाळ झाली की तंबूंकडं पळायची घाई. जवान फुटबॉल खेळायचे आणि लांब गेलेला चेंडू आणून द्यायला आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. तुकडी हलली त्या दिवशी एका हवालदारानं चेंडू आमच्या घोळक्यात भिरकावला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. चेंडू पोटाशी धरून जो पळालो तो थेट घरात.

चेंडू मिळाला, पण खेळायचं कुठं? गाडीवाले बैल बुजतात म्हणून हाकलायचे, गल्लीतल्या बायका पाण्याच्या घागरी फुटतात म्हणून. मुन्शीजी नाक्यावरून घरी येताना हा तमाशा रोज बघायचे. एके दिवशी त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, टाक काढला आणि तहसीलदारांच्या नावानं दरखास्त लिहिली. वाचून दाखवली तेव्हा आम्हाला कळलं, की आपण ‘वतन के नौनिहाल’, म्हणजे देशाचे कोवळे अंकुर आहोत. तोवर घरी आम्हाला गाढव म्हणायचे. तहसीलदारांनी म्हणे ती दरखास्त दोनदा वाचली आणि खाली शेरा मारला, की सरकारला दुसरी गरज पडेपर्यंत पडावाच्या पूर्वेकडची जागा गल्लीच्या मुलांनी खेळायला वापरावी, इजाजत आहे. मुन्शीजींनी तो कागद पत्र्याच्या नळकांड्यात घालून घरात देवाशेजारी टांगला.

मग रीतसर मंडळ झालं. मुन्शीजी सेक्रेटरी. रोज संध्याकाळी ते खुर्ची घेऊन पडावावर यायचे आणि हजेरी घ्यायचे. आम्ही एकेकानं ‘हाजिर’ म्हणायचं. जो तीन दिवस गैरहाजिर, त्याच्या घरी मुन्शीजी स्वतः जायचे आणि त्याच्या बापाला विचारायचे, की बरं आहे ना सगळं? बाप शरमून पोराला पाठवायचा. मुन्शीजींच्या मंडळी, केशरबाई, होळीच्या सुमाराला पळसाची फुलं उकळून आमच्या बंड्या केशरी रंगवून द्यायच्या. पहिल्या घामाला तो रंग अंगावर उतरायचा आणि आम्ही हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसायचो. चेंडू फाटला की लिंबाजीकाका शिवायचे. त्यांचा धंदा विहिरीवरच्या मोटा शिवायचा, त्यामुळं चेंडूलाही मोटेचंच कातडं. ठिगळावर ठिगळ बसून तो असा जड झाला, की डोक्यावर घेणारा पोरगा क्षणभर स्वतःचं नाव विसरायचा.

सामने पिंगळीच्या रेल्वेच्या पोरांशी, झरीशी, जिंतूरशी. आव्हानाचं पत्र मुन्शीजी लिहायचे. तिकडचा मुन्शी तसंच झोकदार उत्तर पाठवायचा, आणि ती दोन्ही पत्रं ओसरीवर मोठ्यानं वाचली जायची. खरं सांगतो, सामन्यापेक्षा पत्रंच जास्त रंगायची. सामने आम्ही बहुतेक हरायचो.

पुढं नाके उठले. मुलूख एक झाला, मग जकात कसली? मुन्शीजींना घरी बसवलं. मग छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांमधून उर्दू निघून गेली. लोकांनी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. आपली भाषा कारभारात आली, याचा आनंद कुणाला नाही होणार? मुन्शीजींनीही फेटा बांधून पेढे वाटले. पण आदल्या दिवशीपर्यंत गल्लीत सगळ्यात शिकलेला असलेला माणूस त्या दिवशी अडाणी झाला, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. दरखास्ती लिहून घ्यायला येणारी माणसं हळूहळू थांबली. पत्रं वाचून घ्यायला येणारेही थांबले, शाळेतली पोरंच वाचू लागली. मुन्शीजींकडं उरला तो पडाव आणि आमची हजेरी.

पहिली ठेच लागली ती सत्तावनच्या मार्चात. झरीहून पत्र आलं. ते तिथल्या नव्या मास्तरांनी मराठीत लिहिलेलं होतं. मुन्शीजींनी त्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, “या ऐतवारी जमत न्हाई म्हणतेत.” आम्ही ऐतवारी विहिरीवर पोहायला गेलो. इकडं झरीची पोरं दोन गाड्या जुंपून आली, दुपारभर पडावावर बसली आणि आमच्या नावानं बोटं मोडत परत गेली. आम्ही झरीवाल्यांना खोटारडे ठरवलं. मुन्शीजी दोन दिवस बाहेर आले नाहीत. केशरबाई म्हणाल्या, पोट बिघडलंय.

मी तेव्हा सतरा वर्षांचा, संघाचा कॅप्टन, आणि मराठी शाळेत वरच्या वर्गात.

मे महिन्यात कचेरीचा चपराशी पडावावरच आला. मुन्शीजी हजेरी घेत होते. त्यानं एक छापील कागद दिला, त्यात मधेमधे शाईनं भरलेलं. “सही करा, सेक्रेटरी तुमीच ना?” मुन्शीजींनी खिशातून पेन काढलं आणि आपली ती झोकदार उर्दू सही ठोकली. चपराशी दुसरी प्रत ठेवून गेला. सगळी पोरं भोवती गोळा झाली.

“काय हाय, मुन्शीजी?”

मुन्शीजींनी चष्मा नीट केला आणि कागद वाचायला घेतला. सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत. मी त्यांच्या समोर उभा होतो, दोन हातांवर. आणि मला दिसलं, की त्यांची नजर प्रत्येक ओळीत उजवीकडून डावीकडं जायलीय.

“काही न्हाई,” कागदाची घडी करत ते म्हणाले, “पावसाळ्यात इथं गुरं बांधू नका म्हणतेत. ठीकच हाय.”

पोरं खेळायला पळाली. मी तिथंच उभा राहिलो. झरीचं पत्र मला त्या क्षणी कळलं. मी हात पुढं करून ‘द्या, मी वाचतो’ म्हणायला पाहिजे होतं. तीन शब्द. पण ज्या माणसानं माझं नाव पहिल्यांदा कागदावर लिहिलं, त्याला अकरा पोरांसमोर, तुम्हाला वाचता येत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मला ते जमलं नाही. मी चेंडूमागं गेलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, मनाशी ठरवून, की काहीतरी निमित्तानं कागद मागायचा. मुन्शीजींनी चहा सांगितला. पिंगळीशी सामना कधी ठेवायचा, याच्यावर तासभर बोलले. कागद नळकांड्यात गेलेला दिसत होता, त्याचं टोक बाहेर आलं होतं. मी चहा पिऊन परत आलो. असा मी दोनदा गेलो आणि दोनदा चहा पिऊन आलो. मग मनाला समजावलं, की गुरांचंच असेल. मनाला काय, सांगाल ते ऐकतं.

जूनच्या शेवटी चार माणसं आली. साखळी धरून पडाव मोजला आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या. लांब, सरळ, चारी कोपरे काटकोनात. आमची पोरं तर वेडी झाली. आम्ही आजवर दोन दगड ठेवून गोल करायचो, रेघ कधी पाहिली नव्हती. कुणीतरी ओरडलं, “सरकारनं ग्राउंड आखून दिलं रे!” आणि ते सगळ्यांना पटलं. मुन्शीजींना सगळ्यात जास्त पटलं. त्यांनी घरून माठ आणवून त्या चार माणसांना पाणी पाजलं, वर केशरबाईंना चहा करायला लावला. माणसं चहा पिऊन काही न बोलता निघून गेली. मुन्शीजी खुर्चीवर बसून म्हणाले, “बघा, मांगून मिळालं न्हाई ते न मांगता मिळालं.”

आठ दिवस आम्ही त्या रेघांच्या आत खेळलो. चेंडू रेघेबाहेर गेला की मुन्शीजी शिटी वाजवायचे. आठ वर्षांत आमचा खेळ इतका शिस्तीत कधी झाला नव्हता. मीही खेळलो, मीही रेघेवरून भांडलो. मलाही ते ग्राउंडच हवं होतं.

नवव्या दिवशी मजूर आले आणि त्याच रेघांवर कुदळ मारायला लागले. ते सरकारी धान्यगोदामाचा पाया खणत होते.

मुन्शीजींनी नळकांडं काखोटीला मारलं आणि आम्ही कचेरीत गेलो. ते पुढं, मी त्यांच्या शेजारी, आणि आठ-दहा पोरं दारात. तिथं दिनकरराव म्हणून एक कारकून होते, घाटावरून नवे बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला आज इतका त्रास झाला नसता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, फाईल काढली आणि नोटिशीची प्रत समोर ठेवली.

“मैदानाचा वापर चालू आहे म्हणूनच तुम्हाला नोटीस दिली होती. तीस दिवसांत हरकत घ्यायची होती. ही सही आपलीच ना?”

सगळ्या मराठी कागदावर उर्दू तेवढी ती सही. मुन्शीजींनी मान हलवली आणि नळकांड्यातून जुना इजाजतीचा कागद काढून दिला. दिनकररावांनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“मला हे वाचता येत नाही हो,” ते म्हणाले. किती सहज म्हणाले! जसं कुणी म्हणावं, की मला पोहता येत नाही. मग थांबले, मुन्शीजींच्या सहीकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मुन्शीजी, आपलंही तसंच झालं असेल, तर तेवढं मला सांगा. नोटीस मराठीत होती, वाचता आली नाही, एवढं एक वाक्य. मी लिहून घेतो, तुम्ही खाली सही करा. साहेबांपुढं ठेवतो. पाया अजून गुडघाभरच खणलाय, गोदाम पलीकडच्या अंगाला सरकवता येईल. शब्द देत नाही, पण साहेब ऐकतील.”

खोलीत पंखा नव्हता. मुन्शीजींच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला. त्यांनी दाराकडं पाहिलं, तिथं पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. आजही वाटतं, मी तिथून उठून पोरांना घेऊन बाहेर गेलो असतो, तर ते बोलले असते. निदान एकट्या दिनकररावांपुढं बोलले असते. पण मी जागेवर बसून राहिलो, दगडासारखा.

“वाचली होती,” मुन्शीजी म्हणाले. “ध्यानातून गेली.”

“नक्की?”

“मोहरीर व्हतो मी, साहेब. वीस वर्षं. कागद वाचल्याबिगर दस्तखत करत न्हाई.”

दिनकररावांनी फाईल बांधली.  येताना गल्लीच्या तोंडाशी लिंबाजीकाका भेटले, त्यांनी विचारलं आणि पोरांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की मुन्शीजी नोटीस विसरले आणि पोरांचं मैदान गेलं. लोकांना काय, बोलायला हवंच असतं. म्हातारा बेफिकीर, म्हातारा कामचुकार, आयतं मिळालं होतं ते घालवलं. ज्या पोरांना मुन्शीजी घरी जाऊन हाक मारायचे, ती त्यांच्या ओसरीवरून मान फिरवून जाऊ लागली. मला एकट्याला खरं माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बेफिकिरीचा डाग पुसला असता आणि दुसरा लागला असता, आणि त्या माणसानं मैदान देऊन तो दुसरा टाळला होता. मग मी काय करायचं होतं, ते मला अजून कुणी सांगावं.

मंडळ तिथंच संपलं. पिंगळीला जाऊन दोनदा खेळलो, पण हजेरी घेणारा नव्हता. चेंडू लिंबाजीकाकांच्या खुंटीला लटकून राहिला आणि पुढं त्याच्या चपला झाल्या असाव्यात.

गोदाम उभं राहायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी अधूनमधून मुन्शीजींकडं जायचो. त्यांना उतारवयात झालेली एक मुलगी होती, दैवशाला. ती मराठी शाळेत जायची. एकदा दुपारी मी आवाज न देता आत गेलो. मुन्शीजी भिंतीकडं तोंड करून बसले होते, मांडीवर पाटी, आणि दैवशाला त्यांचं बोट धरून म्हणत होती, “दादा, हिकडून न्हाई, हिकडून सुरू करायचं.” मला बघून त्यांनी पाटी धोतराखाली सरकवली. मी न पाहिल्यासारखं केलं. त्या कामात मी एव्हाना तरबेज झालो होतो.

केशरबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, “रोज बसायलेत. अक्षर वळत न्हाई, पर सोडत न्हाईत. मी म्हनलं, आता कायला? तर म्हनले, पुन्हा कागद आला तर?” कागद पुन्हा येणार नव्हता. आता घालवायला काही उरलं नव्हतं, पण ते त्यांना कोण सांगणार?

साठ साल उजाडलं. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शाळेवर मास्तर म्हणून लागलो होतो, सुट्टीत घरी आलो होतो. मुन्शीजींना घेऊन संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो. ते काठी टेकत चालत होते. गोदामाच्या पूर्वेच्या भिंतीला लागून दहा हात रुंदीची पट्टी उरली होती, पडावाची तेवढीच. तिथं गल्लीतली नवी बारकी पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती. मुन्शीजी थांबले. त्यांची सवय काही जात नव्हती, ओठ हलायला लागले, पोरं मोजत होते.

भिंतीवर नवी पाटी ठोकली होती. रंग अजून ओला दिसत होता. खेळणाऱ्यांतलं एक पोरगं, पाच-सहा वर्षांचं, चेंडू काखेत धरून आमच्यापाशी आलं.

“मुन्शीजी, ते काय लिवलंय हो? चौकीदार आज लावून गेला.”

मुन्शीजींनी चष्मा नीट केला. मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. नजर डाव्या टोकाला गेली आणि एकेका अक्षरावर थांबत सावकाश उजवीकडं सरकली. ओठ प्रत्येक अक्षराला हलत होते. खालच्या ओळीला जरा जास्त वेळ लागला, तिथं जोडाक्षरं होती. मग पूर्ण वाचून झालं. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या बळावर वाचलेला तो पहिला सरकारी मराठी मजकूर असावा. पाटीवर लिहिलं होतं, ‘सरकारी जागा. येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.’

“सांगा की,” पोरगं म्हणालं. बाकीचीही खेळ थांबवून आली.

“मला वाचता येत न्हाई, बाळा,” मुन्शीजी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य दिनकररावांनी त्यांच्याकडं मागितलं होतं.

पोरगं माझ्याकडं वळलं. “दादा, तुमी वाचा की. तुमी तर मास्तर हायेत.”

“मला बी न्हाई येत,” मी म्हणालो.

पोरं आधी बघत राहिली. मग एक हसलं, दुसरं हसलं, आणि एवढ्या मोठ्या दोन माणसांना वाचता येत नाही म्हणून सगळीच्या सगळी पोट धरून हसायला लागली. एक तर बोटं दाखवून ‘अडाणी, अडाणी’ ओरडत नाचत होतं. मुन्शीजी काठीवर दोन्ही हात ठेवून, त्यांचं हसून होईपर्यंत तिथंच उभे राहिले. मग पोरांनी चेंडू टाकला आणि पुन्हा खेळायला लागली. उद्या चौकीदार येऊन हाकलणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं.